स्केल नदीकाठचा मठ आणि रीव्होचे शिसे

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात मध्ययुगीन ख्रिस्ती मठांचे इतके भग्नावशेष आहेत की, त्यांतले कोणते पाहावेत आणि कोणते सोडावेत हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. लेकीचे बिऱ्हाड लीड्सला असल्यामुळे तिथला कर्कस्टॉलचा मठ आमच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या वाटेवरच होता. एअर नदीच्या काठी 1152 मध्ये वसलेला हा मठ ज्याची शाखा होता, तो फाउंटन्सचा मठ उत्तरेकडे रिपन गावाजवळ आहे. शाखा पाहून झाली, तर मूळही पाहावे, अशा विचाराने मे महिन्यातली जोडून आलेली सुट्टी गाठून मी, पत्नी, लेक आणि जावई असे चौघे गाडीने निघालो. आधी फाउंटन्स, मग रीव्होचा मठ आणि शेवटी यॉर्क शहर असा क्रम ठरला. इतिहासाच्या हिशेबाने हा क्रम उलटा आहे, कारण फाउंटन्सच्या कथेचा आरंभ यॉर्कमध्ये होतो. पण रविवारी सुट्टी संपवून परतताना यॉर्क वाटेवर पडत होते.

शुक्रवार : फाउंटन्स

हॅरोगेट आणि रिप्ली मागे टाकून रिपनच्या अलीकडे गाडी डावीकडे वळली की, दोन्ही बाजूंना दगडी बांध घातलेली कुरणे सुरू होतात. मेंढ्यांची कोकरे नुकतीच मोठी होऊ लागली होती. तिकीटघर टेकाडावर आहे आणि मठ खाली दरीत, त्यामुळे उतरताना प्रथम केवळ मनोऱ्याचे टोक दिसते आणि पुढच्या वळणावर संपूर्ण मठ एकदम समोर येतो. छप्पर कुठेही नाही, पण भिंती मात्र पुरुषभर नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी पूर्ण उंचीच्या उभ्या आहेत. भग्नावशेष म्हणताना आपल्या मनात जोत्याचे दगड आणि दोन-चार खांब असतात. इथे भिंतींच्या आधाराने सगळी वास्तू खोलीगणिक फिरून पाहता येते.

1132 मध्ये यॉर्कच्या सेंट मेरीज या श्रीमंत बेनेडिक्टाइन मठातील काही संन्याशांना तिथले सैल झालेले आचरण सहन होईना. संत बेनेडिक्टच्या नियमांप्रमाणे साधे अन्न, मौन आणि अंगमेहनत यांकडे परत जावे, अशी त्यांची मागणी होती आणि मठाधिपतींच्या खालोखालचे अधिकारी, म्हणजे प्रायर, असलेले रिचर्ड हे त्यांचे पुढारी होते. वृद्ध मठाधिपतींना ती मानवली नाही. ऑक्टोबरात आर्चबिशप थर्स्टन चौकशीसाठी मठात आले, तेव्हा प्रकरण हातघाईवर गेले आणि आर्चबिशपना त्या बंडखोरांना आपल्या आश्रयाला घेऊन बाहेर पडावे लागले. वर्षाच्या अखेरीस त्यांनी या तेरा जणांना स्केल नदीच्या अरुंद दरीत जागा दिली. माणसांपेक्षा श्वापदांनाच योग्य, असे त्या जागेचे वर्णन मठाच्या जुन्या वृत्तांतात आहे. पहिला हिवाळा त्यांनी कड्याच्या आडोशाला आणि एका एल्म वृक्षाखाली काढला. पुढे त्यांनी फ्रान्समधल्या क्लेअरव्होच्या मठाकडे मार्गदर्शन मागितले आणि ते साधेपणावर भर देणाऱ्या सिस्टर्शियन पंथात सामील झाले. तरीही दोन-तीन वर्षे इतकी हलाखीची गेली की, जागा सोडण्याचा विचार पक्का होत आला होता. तेवढ्यात यॉर्क कॅथीड्रलचे डीन ह्यू आपली संपत्ती आणि ग्रंथ घेऊन त्यांच्यात दाखल झाले आणि मठ तगला.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कुठल्याही जुन्या वास्तूत गेलो की पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे मी आधी शोधतो. फाउंटन्समध्ये हा शोध फार फळाला येतो. कड्यातल्या झऱ्यांचे स्वच्छ पाणी पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी नळांनी आत आणले होते, तर स्केल नदीचे पाणी सांडपाण्यासाठी वापरले होते. भोजनगृहाच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना हात धुण्याच्या लांब कुंडांच्या जागा भिंतीत अजून स्पष्ट दिसतात. पूर्वेकडे रुग्णालयाची मोठी इमारत होती. दरीत सपाट जागा पुरेना, म्हणून तेराव्या शतकात चार बोगदे बांधून नदी त्यांतून वळवण्यात आली आणि त्यांवर रुग्णालय उभारले. इमारत आज जवळजवळ नाहीशी झाली आहे, बोगदे मात्र शाबूत आहेत आणि नदी त्यांतून अजून वाहते. शौचकूप याच प्रवाहावर होते. पूजास्थानापेक्षा गटारे जास्त टिकली, असे मी म्हणालो, तेव्हा लेकीने "बाबा, हळू," असा इशारा केला. तिथे मराठी कळणारे दुसरे कोणी नव्हते, हे तिच्या नंतर लक्षात आले.

कान्हेरीला प्रत्येक विहाराशेजारी कातळात पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, खोदलेली आहे आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी तिच्यात उतरवले आहे, याची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. संसार सोडलेल्या माणसांनाही पाण्याची सोय सर्वांत आधी करावी लागली.

चर्च लांबलचक आहे आणि त्याच्या मध्यभागी आता गवत आहे. बाराव्या शतकातले जाडजूड गोल खांब, त्यांवरच्या किंचित टोकदार कमानी, कोरीवकाम जवळपास नाही. सिस्टर्शियन पंथाला सजावट वर्ज्य होती. मूर्ती नकोत, रंगीत काचा नकोत, उंच मनोरा तर मुळीच नको. म्हणूनच उत्तरेकडच्या बाजूला उभा असलेला सुमारे 50 मीटर उंचीचा मनोरा पाहून नवल वाटते. तो 1495 ते 1526 या काळात मठाधिपती असलेल्या मार्माड्यूक ह्यूबी यांनी बांधला. 'मान आणि गौरव केवळ देवाचा' अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरले आहेत, पण त्यांच्या जोडीला ह्यूबी यांची आद्याक्षरेही आहेत. मला या गृहस्थांचा राग आला नाही. मनोरा कोपऱ्यात का, याचे उत्तर चर्चच्या मध्यभागी सापडते. आधीच्या मठाधिपतींनी तिथल्या चौकावरच मनोरा चढवण्याचा घाट घातला होता, खालचे खांब दबू लागले आणि त्यांना धिरे द्यावे लागले. ह्यूबी यांनी त्यावरून धडा घेऊन नवा पाया धरला.

पूर्वेच्या टोकाला तेराव्या शतकातले नऊ वेदींचे दालन आहे. इथे साधेपणाचा नियम बराच ढिला झालेला आहे. एका खिडकीच्या वरच्या कमानीला पाया खचल्यामुळे तडा गेला होता. पंधराव्या शतकातल्या गवंड्याने त्यात नवा दगड बसवला आणि त्यावर कोरीवकाम केले. खालून मान उंचावून पाहिले की, पानांनी वेढलेला एक मानवी चेहरा दिसतो. तडा लपवायचा होता, तो असा लपवला की, आज लोक खास तो पाहण्यासाठी थांबतात.

सर्वांत जास्त वेळ आम्ही पश्चिमेच्या तळघरात घालवला. त्याला तळघर म्हणणे तसे बरोबर नाही, कारण ते जमिनीच्या पातळीवरच आहे. सुमारे 90 मीटर लांबीचे हे दालन मधोमध एका ओळीत उभ्या असलेल्या खांबांवर पेलले आहे. खांबांना माथा नाही, त्यांतूनच फासळ्या फुटून छतभर पसरतात. इथे धान्य, लोकर आणि इतर माल साठवला जाई आणि कष्टकरी बंधूंचे भोजनगृहही इथेच होते. त्यांचे शयनगृह वरच्या मजल्यावर होते. हे कष्टकरी बंधू म्हणजे व्रत घेतलेले, पण लिहिता-वाचता न येणारे लोक. लॅटिन प्रार्थना म्हणणारे संन्यासी पूर्वेच्या बाजूला राहत, हे पश्चिमेला. शेती, मेंढपाळी, बांधकाम, खाणकाम यांचा भार मुख्यतः त्यांच्यावर होता. छतात वटवाघळांची वस्ती आहे. पत्नीला दोन्ही गटांचा स्वयंपाक कुठे होत असे, हे पाहायचे होते. स्वयंपाकघर दोन्ही भोजनगृहांच्या मधोमध होते, मध्ये पाठीला पाठ लावून दोन प्रचंड चुली होत्या आणि दोन्हीकडे ताटे सरकवण्यासाठी झरोके होते. मांस वर्ज्य होते, त्यामुळे पाव, कडधान्ये, भाज्या आणि बिअर हा मुख्य आहार असे. "एवढ्या माणसांची कडधान्ये भिजत घालायला हौदच लागत असतील," हा तिचा अंदाज चुकीचा नसावा.

स्वयंपाकघर आणि रुग्णालय सोडले, तर संन्याशांना शेकोटी मिळे ती एकाच खोलीत. त्या खोलीतल्या चुलीच्या तोंडावरची तुळई मी बराच वेळ न्याहाळत राहिलो. ती एका अखंड दगडाची नाही. अनेक दगड ओळीने बसवले आहेत आणि शेजारच्या दोन दगडांच्या कडा सरळ न ठेवता एकात एक अडकतील अशा पायरीच्या आकारात कापल्या आहेत. कमानीचा बाक न देता सपाट तुळई काही मीटरचा गाळा पेलते. वरच्या भिंतीचे वजन आणि खालचा जाळ सोसून ती सुमारे आठशे वर्षे हललेली नाही. सांध्यात सुरीचे पाते घालून पाहण्याचा मोह झाला. तिथल्या पाटीवर हात लावू नये असे लिहिले होते.

हे सगळे उभे राहिले ते लोकरीवर. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याने इंग्रज मठांच्या लोकरीची जी यादी केली, तीत फाउंटन्सच्या नावावर वर्षाला 76 गोण्या आहेत. इंग्लंडमध्ये गोणीचे वजन 364 पौंड धरत, म्हणजे हिशेब सुमारे साडेबारा टनांवर जातो. इटालियन व्यापारी पुढच्या अनेक वर्षांच्या लोकरीचे पैसे आगाऊ देत. मग मेंढ्यांत खरजेची साथ आली, लोकर घटली, आणि उचल मात्र फेडायची राहिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मठ एवढ्या कर्जात गेला की, राजाला तिथे कारभारी नेमावा लागला. उभ्या पिकावर कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

राजा आठव्या हेन्रीने देशभरातले मठ खालसा केले, त्यात 1539 मध्ये फाउंटन्सही गेले. छपरावरचे शिसे, घंटा, काचा यांना भाव होता, म्हणून आधी त्या उतरवल्या गेल्या. छप्पर गेले की पावसाला दार उघडे होते. पुढे इथल्या दगडांतूनच शेजारी फाउंटन्स हॉल ही हवेली उभी राहिली.

दुपारनंतर आम्ही नदीच्या कडेने स्टडली रॉयलच्या जलउद्यानाकडे चालत गेलो. ते घडवणारे जॉन एस्लबी हे ब्रिटनचे अर्थमंत्री होते. 1720 मध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांचा फुगा फुटला, त्यात ते दोषी ठरले, संसदेतून हाकलले गेले आणि काही काळ टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत होते. सुटल्यावर त्यांनी हीच स्केल नदी सरळ कालव्यात बांधून तिच्यावर अर्धचंद्राकृती तळी, धबधबे आणि छोटी देवळे रचली. त्यांच्या मुलाने, विल्यमने, 1767 मध्ये मठाची जमीन विकत घेऊन भग्नावशेष बागेच्या शोभेत ओढून घेतले. टेकडीवरच्या एका आसनापाशी अचानक मठ दिसतो, ही त्यांचीच योजना. संन्याशांनी नदी कामाला लावली, एस्लबी पितापुत्रांनी तिला नटवले. मला व्यक्तिशः पहिल्या मंडळींचे काम अधिक रुचले. 1986 पासून मठ आणि बाग दोन्ही मिळून जागतिक वारसास्थळ आहे.

मुक्काम रिपनला केला. बाजारचौकात रोज रात्री नऊ वाजता शिंग फुंकण्याची प्रथा आहे, ती पाहून झोपलो.

शनिवार : रीव्हो

थर्स्क सोडल्यावर सटन बँकचा घाट लागतो. चढ इतका तीव्र आहे की, कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांना इथे मनाई आहे. जावयांनी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. आम्ही घाटावरची माणसे, आम्हाला चढाचे विशेष वाटले नाही, वरून दिसणाऱ्या सपाट प्रदेशाचे मात्र वाटले.

रीव्होची जागा फाउंटन्सपेक्षा अधिक एकाकी आहे. राय नदीच्या खोल दरीत, रानाच्या उतारावर हा मठ 1132 मध्येच वसला, पण यॉर्कच्या भांडणातून नव्हे. क्लेअरव्होहून थेट आलेल्या संन्याशांनी तो वसवला आणि वॉल्टर एस्पेक या सरदाराने जमीन दिली. उतार असल्यामुळे चर्च पूर्व-पश्चिम न बसवता जवळजवळ उत्तर-दक्षिण बसवावे लागले आणि भोजनगृहाला खाली एक मजला देऊन उचलावे लागले. नदी मठाच्या जमिनीच्या मधोमध वाहत होती, ती शेजाऱ्यांशी करार करून दरीच्या दुसऱ्या बाजूला सरकवण्यात आली. काही काळ पलीकडे दुसऱ्या एका मठाचे संन्यासी राहत होते. दोन्हींच्या घंटा एकमेकांना ऐकू जात आणि प्रार्थनेच्या वेळांचा गोंधळ होई, म्हणून 1147 मध्ये त्यांनी मुक्काम हलवला. तेच पुढे बायलंडचे मठवासी.

त्याच वर्षी एल्रेड हे रीव्होचे मठाधिपती झाले. स्कॉटलंडच्या राजाच्या दरबारात कारभार पाहिलेला हा माणूस, आणि मैत्री या विषयावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ अजून वाचला जातो. त्यांच्या काळात इथे 140 संन्यासी आणि 500 कष्टकरी बंधू होते, असे त्यांच्या चरित्रकार शिष्याने नोंदवले आहे. उत्तरायुष्यात संधिवाताने आणि मूतखड्याने त्यांना जखडले. मग रुग्णालयाशेजारी एक खोली बांधून ते तिथे राहत आणि वीस-वीस, तीस-तीस जण त्यांच्या अंथरुणाभोवती बसून बोलत. मौनाचे व्रत असलेल्या पंथात ही मोकळीक थोडी नाही. 1381 पर्यंत, प्लेगची साथ येऊन गेल्यावर, संन्यासी पंधराच्या आसपास आणि कष्टकरी बंधू तीन उरले होते.

चर्चच्या पूर्वेकडचा, तेराव्या शतकातला भाग तिन्ही मजल्यांनिशी उभा आहे आणि त्याच्या टोकदार कमानींतून मागचे रान दिसते. पश्चिमेकडचा भाग मात्र पार कोसळला आहे. मठ 1538 मध्ये खालसा झाल्यावर छपराचे शिसे वितळवून त्याच्या कांबी पाडण्यात आल्या. त्या इथून न्यायच्या होत्या, पण काही कांबी राहून गेल्या आणि त्यांच्यावर भिंत पडली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ही जागा मोकळी करण्याचे काम हाती घेतले, त्यात युद्धावरून परतलेल्या सैनिकांना लावले होते. 1920 च्या दशकात त्यांना ढिगाऱ्याखाली शिशाच्या कांबी सापडल्या, राजाच्या शिक्क्यासहित. त्यांतली एक इथल्या संग्रहालयात ठेवली आहे. करड्या रंगाची, होडीच्या बुडासारखी, एका माणसाला उचलता न येणारी. तिच्यावरचा शिक्का बोटाने जाणवेल इतका ठसठशीत आहे.

रात्री हेल्म्सलीला राहिलो. गाव टुमदार आहे आणि महाग आहे.

रविवार : यॉर्क

मिन्स्टर या यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये रविवारी सकाळी उपासना असते आणि पर्यटकांना दुपारनंतर सोडतात, म्हणून सकाळ सेंट मेरीजच्या मठासाठी ठेवली. ज्या मठातून ते तेरा जण बाहेर पडले, तो आज म्युझियम गार्डन्स या सार्वजनिक बागेत आहे. दिसते ती चर्चची उत्तरेची भिंत आणि पश्चिम दर्शनी भागाचा तुकडा. तेही 1271 पासून नव्याने बांधलेल्या चर्चचे, म्हणजे बंडखोरांनी सोडलेले चर्च याहून जुने होते. आवारात मुले खेळत होती आणि भिंतीला टेकून लोक ऊन खात होते. उत्तर इंग्लंडमधला हा अत्यंत धनाढ्य मठ, पण शहरात असल्यामुळे त्याचा दगड पटकन वाहून नेला गेला. मठाधिपतींचे घर राजाच्या प्रशासनाला उपयोगी होते म्हणून वाचले. किंग्ज मॅनर नावाने ते आता विद्यापीठाकडे आहे. रानात गेलेल्यांचे मठ रानामुळेच जास्त शिल्लक राहिले.

दुपारी मिन्स्टरमध्ये गेलो. उत्तरेच्या भुजेत 'फाइव्ह सिस्टर्स' नावाच्या पाच अरुंद उंच खिडक्या आहेत. तेराव्या शतकातल्या या काचा झगमगीत रंगांच्या नाहीत. करड्या-हिरवट छटेच्या असून त्यांचे लाखाहून अधिक तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले आहेत. महायुद्धात त्या उतरवून ठेवल्या होत्या. युद्धानंतर पुन्हा बसवताना जुन्या पट्ट्या बदलाव्या लागल्या आणि त्यासाठी रीव्होला सापडलेले शिसे वापरले गेले. 1925 मध्ये या खिडक्या पहिल्या महायुद्धात सेवा बजावताना मरण पावलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील स्त्रियांचे स्मारक म्हणून अर्पण झाल्या. जवळच्या ओक लाकडाच्या फळ्यांवर चौदाशेहून अधिक नावे आहेत. पत्नीने आणि लेकीने ती वाचायला घेतली. बऱ्याचशा परिचारिका होत्या. खालून पाहताना पट्ट्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. राजाने मठाचे छप्पर ज्या धातूसाठी उतरवले, तो त्याच्या खजिन्यात न पोहोचता सुमारे चारशे वर्षांनी एका चर्चच्या खिडकीत येऊन बसला, हे मला संग्रहालयातल्या कांबीपेक्षा इथे अधिक पटले.

जाणाऱ्यांनी फाउंटन्ससाठी अख्खा दिवस ठेवावा, कारण मठ आणि जलउद्यान मिळून चालणे बरेच होते. रीव्होला सार्वजनिक वाहनाने पोहोचणे कठीण आहे; गाडी हवी. यॉर्कची म्युझियम गार्डन्स विनातिकीट आहेत, बाकी तिन्ही ठिकाणी तिकीट आहे, आणि मिन्स्टरची वेळ निघण्याआधी पाहून घ्यावी.